शेजारच्या खोलीतला

८ फेब्रुवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यापासून रजेच्या अर्जाशिवाय मी काही लिहिलेलं नाही. अक्षराला शिव्या घाल, पण वाच.

गेले चार रविवार मी तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलो. दोनदा बेल वाजवली. आत तुझ्या चपला वाजल्या, दारापाशी थांबल्या आणि परत गेल्या. तिसऱ्या रविवारी समोरच्या बाईंनी त्यांचं दार उघडून सांगितलं, की आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण ती मधेच भलतंच बोलते. आईची खुशाली मला समोरच्या बाईंकडून कळावी, इतकी वेळ आली.

काय झालं ते तू डॉक्टरांकडून ऐकलंस, माझ्याकडून नाही. रविवार होता, दुपारचे चार. मी कॉम्प्युटरवर खेळत होतो. आईने न्हाणीघराच्या दारातून हाक मारली, "भुंग्या, जरा हात दे रे." मी म्हणालो, "दोन मिनिटं." कानांवर हेडफोन होते, तरी हाक ऐकू आली होती. ऐकूच आली नाही असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी उठलो तोवर अकरा मिनिटं झाली होती. ती फरशीवर पडली होती, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. ओरडत नव्हती. मला बघून म्हणाली, "झालं का तुझं?"

तू म्हणालीस, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पण ताई, एकदा बघू दे तिला. तिने मला बघावं, एवढंच हवंय. पाच मिनिटं. मग हाकलून दे.

भुंगा

१४ फेब्रुवारी

भुंग्या,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचे असतात. आज हात वळत नाही, पुढचं पुढे बघू.

मी रोज सकाळी सहा ते दुपारी दोन लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई बघून कोण खरंच घाबरलंय आणि कोण नाटक करतंय, हे मला माणूस खुर्चीत बसायच्या आधी कळतं. तुझं पत्र नाटकी नाही, एवढं कबूल. म्हणून हे उत्तर.

आईच्या खुब्यात सळई घातली आहे. वॉकर धरून चार पावलं टाकते, पाचव्याला रडते. जेवत नाही. दोन घास घेते आणि ताट सरकवते. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मला कधी ताई म्हणते, कधी तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारते. नजर आधीच अधू होती, आता चष्मा लावूनही समोरचं माणूस नीट दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात भूल दिली की असं होतं, काही दिवसांनी उतरतं. काहींचं उतरत नाही. मी लॅबमध्ये असते तेवढा वेळ एक बाई ठेवली आहे, ती चांगली आहे.

आईचं सामान आणताना तुझा कॉम्प्युटरही मी उचलून आणला, ते तुला रिकाम्या टेबलावरून कळलंच असेल. पोराच्या हातातली बॅट काढून घ्यावी, तसा आणला. चौतीस वर्षांचा घोडा झालास, तरी तुझ्या बाबतीत मला हेच सुचलं. आईच्या शेजारच्या खोलीत ठेवलाय, धूळ खात.

तू पाच मिनिटं मागतोस. आधी त्या अकरा मिनिटांचं सांग. गॅस बंद करता येतो. टीव्ही बंद करता येतो. लॅबमधलं रक्त फिरवायचं मशीनसुद्धा मधेच थांबवता येतं. मग तुझं ते बंदूक-बंदूक का थांबवता आलं नाही? मला पटेल असं लिही. पटलं नाही, तर पुन्हा पत्र टाकू नकोस.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

पटवायला बसलो की कारणं दिल्यासारखं होतं. तरी लिहितो.

चार जणांचा खेळ आहे. जमिनीखाली खाणीचे बोगदे असतात, त्यांत कुत्र्याएवढाले किडे. आपण चौघांनी खाली उतरायचं, अडकलेली माणसं शोधायची आणि त्यांना घेऊन वर यायचं. चौघेही खरे असतात, आपापल्या घरी बसलेले. माझ्याबरोबर एक बेकर आहे, एक शिक्षिका आहे आणि एक जण आहे जो कधीच बोलत नाही, त्याला आम्ही मुका म्हणतो. तिघांनाही मी कधी पाहिलेलं नाही. बेकरला मात्र नुसत्या खोकण्यावरून ओळखतो.

किड्यांनी गाठलं की माणूस पडतो. पडला की तीस सेकंद. तेवढ्यात दुसऱ्या कुणी त्याच्याजवळ जाऊन बटण दाबून धरलं तर तो उठतो, नाहीतर संपला. आणि ताई, लोक येतात. चारी बाजूंनी किडे असतात, येणारा स्वतः मरणार हे दिसत असतं, तरी येतात. दिवसभर मी लिफ्टमधून माणसं काढतो. बाहेर पडलेला माणूस घड्याळ बघतो आणि मलाच विचारतो, इतका वेळ का लागला. खेळात उचललेला माणूस थँक्यू म्हणतो. हसशील तू, पण मला त्यासाठीच तिथे जावंसं वाटायचं.

वाईट गोष्टीही सांगतो. तो खेळ थांबवता येत नाही. एकट्याचा असता तर आला असता. चौघांचा आहे, म्हणून एकासाठी थांबत नाही. आपण उठून गेलो तर आपल्या जागी कॉम्प्युटर एक बाहुला उभा करतो, तो भिंतीला धडका देत बसतो आणि बाकीचे तिघे मरतात. कधी तासभर खपून वर यावं आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीचा सर्व्हरच बसावा, सगळं पाण्यात. बोगदे मोजून सहा, तेच ते. नवख्या माणसाला लोक घालून पाडून बोलतात. हे सगळं माहीत असूनही मी रोज बसत होतो.

त्या दिवशी आईने हाक मारली तेव्हा बेकर पडला होता. मी त्याला उचलायला निघालो होतो. माझ्या डोक्यात हेच आलं, की याला सोडून कसं उठायचं.

खरं ते एवढंच आहे. हे पटण्यासारखं नाही, मला माहीत आहे. तिला बघू दे.

भुंगा

६ मार्च

भुंग्या,

पटलं नाही. पण तू खोटं बोलतोयस का, हे बघायला मी तुझं ते यंत्र सुरू केलं. पासवर्ड आईचाच वाढदिवस ठेवलायस, तेव्हा कुलूप फोडावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी मी अर्धा तास छताकडे बघत चालत होते, कारण मान खाली कशी करायची ते कळेना. दुसऱ्या दिवशी तुझ्या बेकरच्या पाठीत गोळ्या घातल्या. तो म्हणाला, "भुंग्या, आज काय डोळे घरी विसरलास?" मी तोंडाला कुलूप लावून बसले. मग एका कुणा टोणग्याने मला इतक्या घाण शिव्या दिल्या, की लॅबमध्ये असता तर त्याला तीनदा सुई टोचली असती. तिसऱ्या दिवशी वर यायच्या पायरीवर असताना सर्व्हर बसला. तू लिहिलंस ते सगळं खरं निघालं. खेळ भिकार आहे. किडेसुद्धा एकाच साच्यातले.

एक सांगते. काल मी पडले. मला वाटलं, बरं झालं, सुटले. तर तो मुका आला. त्याच्यामागे हा एवढा घोळका होता. त्याने मला उठवलं आणि तो स्वतः तिथेच संपला. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. माझं लग्न मोडलं तेव्हा कुणी इतकं धावलं नव्हतं. तू आला होतास, ते मी विसरलेले नाही.

यावरून विरघळले असं समजू नकोस. परवानगी नाही.

आई आता थोडं जेवते, दुपारी शांत पडते. तू विचारशील म्हणून आधीच लिहिते: तुझ्याबद्दल ती विचारत नाही.

ताई

११ मार्च

ताई,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी कामावर, लिफ्टच्या डब्यावर बसून वाचली. मग उठलो, काम पुरं केलं आणि खाली आलो. खाली आल्यावर कळलं, की सुरक्षेचा खटका मी पाडलाच नव्हता. वरून कुणी बटण दाबलं असतं तर डबा माझ्यासकट हलला असता. मुद्दाम केलं नाही, लक्षच नव्हतं. मुकादम ओरडला नाही. त्याने माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं आणि म्हणाला, पंधरा दिवस घरी बस, तुझं चित्त थाऱ्यावर नाही. आता घरी बसून आहे. न्हाणीघराचं दार समोरच दिसतं.

ती विचारत नाही. मला वाटलं होतं ती रागावेल, शिव्या देईल, तुला सांगेल की त्या भुंग्याला समोर आण, दोन थोबाडीत देते. तिने मला टाकलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी जेवायला बसतो आणि तसाच उठतो.

आणखी एक. परवा बेकरचा फोनवर निरोप आला. म्हणतो, हल्ली तू भलताच कच्चा खेळतोस, बोलत नाहीस, पण एक दिवस चुकवत नाहीस, रोज चारच्या ठोक्याला हजर. काही दुःख आहे का, सांग. मी त्याला काय सांगू? ताई, तू रोज खेळतेस. बघायला म्हणून एकदा उघडलंस, ते समजलो. पण रोज? आई शेजारच्या खोलीत असताना? तिने हाक मारली तर कोण उठतं?

मला हे विचारायचा अधिकार नाही. तरी विचारतो. मला तिथे येऊ देत नाहीस, आणि तू माझ्याच खुर्चीत बसून मी केलं तेच करतेस?

उत्तर दे. काहीही लिही, पण दे.

भुंगा

२ एप्रिल

चि. भुंग्यास आशीर्वाद,

तीन आठवडे तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपले. चार वेळा लिहायला बसले आणि कागद फाडले. आज लिहून होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलंय.

मी तुला खोटं लिहिलं. आई तुझ्याबद्दल विचारत नाही, कारण तिच्या लेखी तू घरात आहेस.

दुसऱ्या दिवशी मी खेळायला बसले तेव्हा हेडफोन कसे लावायचे ते मला कळलं नव्हतं. आवाज खोलीभर येत होता. त्या गोळ्या, ते किड्यांचं किचकिचणं. आई शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने हाक मारली, "भुंग्या, आलास का रे?" तेव्हा तो बेकर पडला होता आणि मी ते बटण दाबून धरलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन मिनिटं."

तुझेच शब्द, मी न ठरवता बोललेले. तशीच धावत गेले. ती पडली नव्हती. उशीला टेकून बसली होती आणि हसत होती. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "राहू दे, खेळू दे त्याला." संध्याकाळी एक अख्खी पोळी खाल्लीन.

तुझ्या वेळी आई पडली, माझ्या वेळी पडली नाही. तुझ्यात आणि माझ्यात फरक तेवढाच राहिला. हे कळल्यावर मी तुला त्याच दिवशी बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं. दोन महिने दारात उभं न करता ज्याला गुन्हेगार ठरवलं, त्याला काय तोंडाने ये म्हणू, असं वाटलं. आणि दुसरं, जास्त वाईट कारण असं, की माझी सोय झाली होती. रोज चारला मी ते सुरू करायची, आवाज वाढवायची आणि आई जेवायची. वॉकर धरून दारापर्यंत जायला लागली. डॉक्टर म्हणाले, छान आहे, जे करताय ते करत राहा. मी करत राहिले.

सुरुवातीला ती म्हणायची, त्याला आत पाठव. मी म्हणायची, येईल, त्याचं झालं की येईल. हळूहळू तिने म्हणणं सोडलं. आवाज असला की तिला पुरतं. मागच्या आठवड्यात मी धीर करून म्हणाले, "आई, भुंग्याला त्याच्या घरून बोलावून घेऊ का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तो इथेच तर आहे. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

आता खरी गोष्ट. सोमवारपासून तिच्या छातीत पाणी भरतंय. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, आठवडे मोजा, महिने मोजू नका. मी रोज रक्त तपासणाऱ्यांच्या शेजारी काम करते. तिचे आकडे मला वाचता येतात. डॉक्टर खरं बोलताहेत.

गुरुवारी तीनला ये. बाई दार उघडेल. मी लॅबमध्ये दुसरी पाळी मागून घेतली आहे. तुम्हा दोघांच्या मधे मला उभं राहायचं नाही. माफी मी समोर मागेन, कागदावर मागणं स्वस्तातलं वाटतं.

ये बाबा.

ताई

गुरुवार, तुझ्याच टेबलावरून

ताई,

तू यायच्या आत निघतोय, कारण आज समोरासमोर बोलता येणार नाही. तू विचारशील म्हणून सगळं लिहून ठेवतो. माफीबिफी मागू नकोस. उद्यापासून मी रोज तीनला येणार आहे, मुकादमाशी बोलून सकाळची पाळी घेतो. तू फक्त किल्ली बाईंकडे ठेव.

दुपारपर्यंत कामावर होतो. तसाच, कंपनीच्या निळ्या कपड्यांत आलो. बाईंनी दार उघडलं. आई केवढीशी झाली आहे. नळी लावलेली, डोळे मिटलेले. मी स्टुलावर बसलो आणि तिचा हात धरला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, ताई. मी वाट बघत होतो.

तिने हात हळूच सोडवून घेतला आणि माझ्या शर्टावर बोट ठेवलं. "लिफ्टवाले का तुम्ही? माझा मुलगाही हेच काम करतो."

मी म्हणालो, "आई, मी आहे. भुंगा."

ती म्हणाली, "हळू बोला. तो पलीकडे आहे. त्याला कळलं, त्याच्या नावावर कुणी आलंय, तर चिडेल."

मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. लहानपणचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. ती मान डोलवत राहिली, परक्या माणसाचं ऐकून घ्यावं तशी. मग मीच थांबलो, तिला धाप लागत होती. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली. म्हणाली, "त्याला सगळे बोलतात. त्याची बहीणही बोलते. मी पडले ना, तेव्हापासून. पण त्याच्याबरोबर आणखी तिघं असतात हो. त्यांना टाकून कसा उठेल तो? मी उगाच घाई केली. भिंत धरून थांबायला हवं होतं."

बाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. ताई, जे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं ते सगळं ती बोलली, फक्त मला नाही.

चार वाजले. तिला घड्याळ दिसत नाही, पण कळतं. ती भिंतीकडे बघायला लागली. सव्वाचारला कावरीबावरी झाली. बाईंना विचारलं, आज आवाज कसा नाही, त्याला बरं नाही का, कुणी बघून या. ऑक्सिजनची नळी ओढायला लागली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठून शेजारच्या खोलीत गेलो आणि मशीन सुरू केलं.

बेकर होता. शिक्षिका होती, मुकाही होता. बेकर म्हणाला, आज हात बरा चालतोय तुझा. मी आवाज वाढवला. बाईंनी दारातून खूण केली, शांत झाली म्हणून. आम्ही तिसऱ्या बोगद्यापर्यंत गेलो. दोन माणसं सापडली होती. तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"भुंग्या."

मी बटणावरचा हात काढला आणि उठलो. मागे बेकर ओरडत होता, अरे कुठे चाललास. धावलो, उंबऱ्यात पाय अडखळला. दोन-तीन सेकंद लागले असतील, जास्त नाही. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आलो आई. काय हवंय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, "तुम्ही कशाला आलात? मी त्याला हाक मारली."

ती दाराकडे बघत होती, माझ्या खांद्यावरून पलीकडे. मग मी परत गेलो, खुर्चीत बसलो आणि तिथून तिला ओ दिली.

भुंगा